ळ असलेलं यंत्र

विजयनगरला चौथ्या मजल्यावर
काचेच्या दाराआडून हाक आली,
"शाल्मली पिंपलखरे!"
मी उठले. आमच्या आडनावातला ळ
इंदुरात असाच गळतो,
शाळेच्या हजेरीपासून गळत आलाय.

समोर तिघं. मधल्यांनी विचारलं,
"इसी लाइन में क्यों?"
मी पाठ केलेलं म्हटलं:
बँकांना माणसं हवीत, विमा कंपन्यांना हवीत,
सायबर ठाण्यांत, ऑडिटवाल्यांकडे जागा आहेत,
प्रयोगशाळांत खोकी भरून मोबाइल पडलेत
आणि उघडणारे हात थोडे.
पगाराचं मी काही बोलले नाही, त्यांनीही नाही.

म्हटलं नाही ते हे, की
बाबा जिल्हा कोर्टासमोर टाइपरायटर दुरुस्त करायचे.
ळ असलेली यंत्रं त्यांच्या माहितीत चारच.
एक वाचनालयात, एक पतपेढीत,
एक छावणीतल्या वकिलांकडे,
आणि एक कायम बाबांच्या टेबलावर, पोट उघडं टाकून.

पतपेढीतल्या बुळे कारकुनावर निनावी पत्र आलं.
दीड पान. "गोंधळ", "काळा पैसा", "वेळोवेळी".
बाबांनी ते हातात घेतलं नाही.
काचेवर ठेवायला सांगितलं, भिंग लावलं,
बराच वेळ लावलेलंच ठेवलं.
मग म्हणाले, हा ळ डावीकडे कलतो,
दुसरं वेटोळं बुजलंय.
डाग मीच दिलाय, दिवाळीच्या आधी.
यंत्र सेक्रेटरींच्या खोलीतलं.

कोर्टात समोरच्या वकिलांनी एवढंच विचारलं,
"आपकी तालीम?"
"आठवी."
मागच्या बाकांपर्यंत हशा गेला.
साक्ष कागदावर आली, निकालात आली नाही.
बुळेकाका पुढे मारोठिया बाजारात
दुसऱ्यांच्या वह्या लिहीत बसायचे.
त्या पेढीपुढून जाताना
बाबा सायकलवरून उतरायचे.

मधल्यांनी पेन ड्राइव्ह सरकवला.
"इसमें से कुछ मिटाया है. चालीस मिनट."
शेजारच्या मुलानं आपला लावलाही,
त्याच्या पडद्यावर खिडक्या उघडू लागल्या.
मी आधी मधे अडसर घातला,
वाचता येईल, लिहिता येणार नाही असा.
मग हुबेहूब प्रत. मग दोघांचे हॅश,
आकड्याला आकडा भिडेपर्यंत.
मूळ वस्तू परत पिशवीत,
पिशवीवर वेळ, वेळेखाली सही.
तेरा मिनिटं यातच गेली.
शेजारचा मुलगा माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत होता.

पुसलेलं जात नाही कुठे.
या जुन्या धाटणीच्या मांडणीत तर
फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडतात
आणि जागा मोकळी झाली असं धरून चालतात.
मजकूर तसाच पडून असतो, अंधारात,
कुणी वर दुसरं काही लिहीपर्यंत.
मला सापडलं ते "इसाब".
पुढचा एच गेलेला.
हिसाब.
उघडलं, तर सतरा ओळींचा हिसाब, आणि खाली
कुठल्या खात्यावरून, कुठल्या यंत्रावरून, किती वाजता.

अहवालाच्या तळाशी रेघ होती,
तपासणाऱ्याचं नाव.
त्यांच्या कळफलकावर ळ शोधायला
जरा थांबावं लागलं.
"कळवू," म्हणाले.

घरी बाबांनी जागेचं विचारलं नाही.
चहा ओतता ओतता म्हणाले,
"यंत्र कुणाचं, लागलं?"
"लागलं."
"आणि कितवी शिकलीस, ते विचारलं?"
"सगळ्यात आधी तेच, बाबा."
"मग बरंय," म्हणाले,
आणि बोटांवर नसलेली शाई
पायजम्याला पुसली.