कोलंबस

नेरूळ. मे महिना. रोजचे साडेचारशे.
शिटी माझी, टोपी कंपनीची.
एका पोरानं उंची वाढवायला बुटात पेपर कोंबलेला,
मला दिसलं. पाठवलं परत.
दिवसभर मोजायच्या काठीशेजारीच उभा होता,
पाठ ताठ करून.

वर गेले की सगळे आईलाच बोलावतात.
उतरले की केस नीट करतात.

घरतकाका सुपरवायझर, कधी बसले नाहीत.
शेवटच्या रात्री शटर ओढायच्या आधी
मागच्या रांगेत एकटेच जाऊन बसले.
म्हणाले, सोड.

रिकाम्या होडीचा आवाज निराळा.
चौथ्या झोक्याला मान खाडीकडे,
आज्याचं मिठागर शोधत होते बहुतेक.

"दिसलं?"
"दिवे मधे येतात."

मग उतरता उतरता, नेहमीच्या आवाजात:
"दांडा लॉक न करताच सोडलीस रे."