बूच

ऑल्स्टनच्या चढावर, नोव्हेंबरात,
वडिलांच्या मॉरिस मायनरमध्ये डॅशबोर्डखाली मी उताणी,
वय एकसष्ट, दातांत टॉर्च.

हीटर पेन्रिथच्या जुन्या बाजारातला.
विकणारा म्हणाला, चालतो की नाही ठाऊक नाही, बाई,
पण वाजतो.
खरंच वाजत होता:
आत एक सुटा नट, आणि सहा पेन्सांचं नाणं.

छप्पन साली गाडी आली तेव्हा हीटरचे पैसे वेगळे होते.
'कोट कशाला असतो मग?' वडिलांनी विक्रेत्याला विचारलं,
आणि तो प्रश्न आमच्या घरात कोटापेक्षा जास्त टिकला.
थंडी अंगावर काढायची असते,
असं ते म्हणत. त्यांच्या अंगावर दोन स्वेटर,
दोन्ही आईने विणलेले.

आई डावीकडे,
मांडीवर फ्लॅनेलात गुंडाळलेली गरम वीट.
चॅपेलपर्यंत पुरायची.
परतीच्या वाटेवर ती नुसती वीट असायची.
मागे मी आणि इनॉक, चार श्वास त्या डबीत,
काच आतून पांढरी,
ती पुसणं आईकडे.
हातमोजा उलटा करून ती पुसेल
तेवढाच रस्ता आम्हाला होता.

आता ड्रिल माझ्या हातात.
या पत्र्यावर त्यांनी ओरखडा येऊ दिला नाही कधी,
दर शनिवारी बॉनेट उघडून पुसायचे,
पोराचं नाक पुसावं तसं.
(आमची नाकं आई पुसायची.)
मी टोक टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

गॅरेजवाला लोथर चहा घेऊन आला.
'ड्रिल ठेव. आधी खरवड.'

रंग, धूळ, डांबरासारखा चिकट थर,
आणि त्याखाली दोन वाटोळ्या कडा.
'भोकं कारखान्यातूनच पाडून येतात गं,
पैसे भरा नाहीतर नका भरू.
न भरणाऱ्याला बूच.'

एक बूच रबरी, अंगठ्याने दाबलं तसं आत पडलं.
दुसरं हलेना.
पक्कडीने ओढलं तर कॉर्क निघाला,
चाकूने तासून बसवलेला,
आतल्या बाजूला पेन्सिल,
तेच तिरकं, कंजूष अक्षर:
'पाइप ५/८. सोय मार्चमध्ये. ७९.'

आई फेब्रुवारीत गेली.

लोथरने चहा पुढे केला, मी घेतला नाही,
मग घेतला.

पुढचं काम कामासारखं झालं.
पाइप उकळत्या पाण्यात बुडवून मऊ केले,
क्लिपा आवळल्या, वायर ओढली.
या जुन्या गाड्यांत धन टोक अर्थिंगला,
लोथर दोनदा बजावतो: धन जमिनीत, विसरू नकोस.
विसरेन कशी?
त्याच माणसाची मुलगी मी.

गरम काही येईना.
आत हवा अडकलेली.
मग गाडीचं नाक चढाकडे करून उभी केली,
रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू,
आणि आम्ही दोघं थंडीत,
एका गाडीला ढेकर येण्याची वाट पाहत.

आली.
एकदा, मग लागोपाठ तीनदा,
हिरवं पाणी खाली बसलं,
आणि पंख्यातून आधी धूळ, मग जळक्या धुळीचा वास,
मग, लोथर म्हणाला तसं, 'गरम. म्हणजे, कोमट.'
त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
मी कोट काढला नाही.

हार्टसाइडच्या घाटात धुकं उतरलेलं.
काच खालून उजळत आली, दोन अर्धचंद्र,
मोठे होत होत एकमेकांना भिडले.
मी हातमोजा काढला, उलटा केला,
काचेवरून फिरवला.
पुसायला काहीच नव्हतं.

कॉर्क खिशात. ते नाणंही.
डाव्या पायाच्या बुटावर एक थेंब पडला, कोमट,
थोड्या वेळाने दुसरा.
खालची क्लिप अजून अर्धा फेरा मागतेय.