परवा

निघताना सॅक सतरा किलोची होती.
कार्ताहेनात छत्री सोडली, कितोत जाडजूड प्रवासपुस्तक,
कुस्कोच्या वसतिगृहात एका डॅनिश पोराला स्टोव्ह.
आता अकरा.
त्यातली दोन-तीन किलो निव्वळ भीती:
गोळ्या, कुलपं, पासपोर्टच्या झेरॉक्स.

चार हजार मीटरवर हवा रेशनची.
ओरुरो सोडून दोन तास झाले आणि बस बसली.
ड्रायव्हरने आधी टायरला लाथ घातली,
मग बाटलीतले चार थेंब जमिनीला दिले, बाकीचे स्वतःला.
आम्ही सगळे उतरलो,
जिथे उतरायचं कुणाच्याच तिकिटावर नव्हतं.

तिथे एउसेबिया चोकेवांका
बटाटे तुडवत होती.
रात्रभर उघड्यावर गोठलेले, सकाळच्या उन्हाने सैल पडलेले,
सुपारीएवढे, मुठीएवढे, जांभळे, काळपट,
तिच्या टाचांखाली पाणी सोडत होते.
मी कॅमेरा काढला.
ती म्हणाली, बूट काढ.

मी तर मुखवटे, ढोल, पिसांचे मुकुट
बघायला आलो होतो इतक्या लांब.
आणि इथली संस्कृती अशी, घोट्यापर्यंत गारठवणारी,
बोटांच्या बेचक्यांत सालं अडकवणारी.

तासभर तुडवलं. माझं स्पॅनिश लंगडं,
तिचं बाजारापुरतं, मध्ये तिचा भाचा विल्मेर.
तिने विचारलं, आता कुठे?
पुढे, म्हणालो, आणि दक्षिणेकडे हात केला:
मिठाचं वाळवंट, मग चिली, मग जमीन संपेपर्यंत.
ती खुदकन हसली.
विल्मेर म्हणाला, आयमारात पुढे म्हणजे होऊन गेलेलं.
ते डोळ्यांना दिसतं ना.
यायचं असतं ते पाठीमागे,
तुझ्या त्या ओझ्यासारखं.

मी घाईघाईने माझी भाषा चाचपली.
मागे एकदा. पुढे कधीतरी. पुढेमागे.
तळाशी सापडला परवा.
गेला तोही परवा, येणार तोही परवा,
क्रियापद येईपर्यंत थांबायचं, मग कळतो कुठला.
हे सांगायला माझं स्पॅनिश पुरेना.
मी नुसता आधी पुढे, मग मागे हात केला,
आणि दोन्हीकडे एकच शब्द म्हटला.
पारवा, म्हणाली ती. पुन्हा म्हणाली. पारवा.
आणि आपल्याच पायांकडे बघत राहिली.

हॉर्न वाजला.
तिने फडक्यात मूठभर वाळलेले बटाटे बांधून दिले,
खड्यांसारखे टणक, पण वजन असं नाहीच.
दहा वर्षं टिकतात, विल्मेर म्हणाला. भिजवून खायचे.
सॅक तिने एका हाताने उचलून पाहिली,
काही बोलली नाही.

मागच्या काचेतून ती बराच वेळ दिसत होती,
मग नुसता तिचा तपकिरी हॅट, मग पठार.
उयुनीपर्यंत पाय काही तापले नाहीत.
मोज्यांना अजून बटाट्याचा वास.

परवाचीच गोष्ट.