घडणावळ

टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं आर्डिथ क्वामच्या.
मधे टॅलमन काउंटी.

बत्तीस वर्षं मी इथल्या मुरमाच्या रस्त्यांवर ग्रेडर फिरवला.
या इमारती मला वळणं म्हणून पाठ होत्या:
गोल गोठा आला की डावीकडे,
लुथरन चर्चचा सुळका दिसला की गिअर खाली.
आत कधी गेलो नाही.
निवृत्त झालो, तर आर्डिथ मला आत नेते
आणि म्हणते, नीट धर, झोळ पडतोय.

तिच्याकडे छापील अर्ज आहेत.
बांधल्याचं वर्ष. भिंती. छप्पर. सद्यस्थिती:
उत्तम, बरी, वाईट.
‘बरी’पाशी तिची पेन्सिल फार रेंगाळते,
माणसाच्या तब्येतीविषयी कुणी विचारावं तशी.

आठ नंबरच्या शाळेत एकच खोली.
उंबऱ्याला मधोमध खळगा.
आर्डिथ गुडघ्यावर बसली, मोजला: पाऊण इंच.
सत्तर वर्षांची पोरं, म्हणाली, पाऊण इंच.
आणि तेवढंही तिने लिहून घेतलं.

ओढ्यावरचा लोखंडी पूल.
त्यावर ‘तीन टनांपुढे बंदी’ची पाटी मीच ठोकलेली.
खिळे अजून घट्ट आहेत.
पुलाचं सांगता येत नाही.

कोर्टाच्या तळघरात, बॉयलरमागे,
उंदरांनी कडा कुरतडलेली वही सापडली, अठराशे अठ्ठ्याऐंशीची.
दगड: चुकते.
चुना, वाळू, घोडागाडीचं भाडं: चुकते.
घडणावळ, वोयतेख द्रापाल, गवंडी, बोहेमियाचा,
एक्केचाळीस डॉलर पन्नास सेंट:
पुढच्या बैठकीत.
पुढच्या बैठकीत त्याचं नाव नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
मग वहीच संपते.

आम्ही मनोऱ्यावर चढलो. माझे गुडघे, तिचा दमा,
आणि कबुतरांची एवढी विष्ठा की पायऱ्या मऊ लागाव्यात.
पूर्वेच्या कमानीच्या माथ्यावर मक्याचं कणीस कोरलेलं,
दक्षिणेला कणीस, पश्चिमेला कणीस,
दाणा न दाणा, वरचे केससुद्धा.
उत्तरेला नुसता धोंडा.
गावात सगळे म्हणत आले,
तिकडचं कणीस वाऱ्याने खाल्लं.
माझा बापही म्हणायचा. मीही म्हटलंय, माझ्या पोरांना.

आर्डिथने चष्मा पुसला.
धोंड्याच्या खालच्या कोपऱ्यात एकच पान,
सुरू होऊन अर्ध्यात थांबलेलं.
टाकीचे घाव ताजे. म्हणजे तसे वाटले.
वाऱ्याने काही खाल्लेलं नव्हतं.

दुरुस्तीच्या सभेला लिंकनहून एक वास्तुविशारद आला होता, बूट झकास.
म्हणाला, तीन कणसांचा साचा घेऊ,
चौथं सिमेंटमध्ये ओतू, फरक कळणार नाही.
आर्डिथ उठली. वही उघडली.
मर्लिन ओस्टरगार्ड, अध्यक्ष, हसला:
मग काय, व्याजासकट देऊ म्हणतेस?
चाळीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसलेली बाई ती,
व्याज मांडूनच आली होती.
तिने आकडा सांगितला.
छतावरचा पंखा ऐकू यायला लागला.

पण द्यायचं कुणाला?
इथल्या तिन्ही दफनभूमींत द्रापाल नाही.
टपालाच्या जुन्या यादीत नाही, जनगणनेत नाही.
पैसे बुडाले तसा चालू लागला असेल, पश्चिमेला,
जिथे कुणीतरी नवं कोर्ट बांधतच असणार.

मर्लिनने घड्याळ पाहिलं, घसा साफ केला,
आणि म्हणाला: हे पुढच्या बैठकीत.
म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू गेलं.
कानांपर्यंत लाल झाला बिचारा. वाईट माणूस नाही तो.

मंगळवारी आम्ही पुन्हा वर गेलो.
पान मोजलं. चार इंच, जरा कमीच.
खाली सोयाबीनचे ट्रक एलेव्हेटरकडे चाललेले,
मी आखलेल्या रस्त्यावरून, धुरळा उडवत.

सद्यस्थिती? मी विचारलं.
तिने उत्तम सोडलं, बरी सोडलं, वाईट सोडलं,
आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं:
बाकी.

मी माझं टोक सोडलं.
टेप सरसरत तिच्याकडे परत गेली.