उजवा क्लच

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून,
असं म्हणून गेले त्यांच्या वाट्याला
खासगी रस्ता आला नसावा.

पाऊण मैल. टपालाच्या पाच पेट्या.
टाउनचा ग्रेडर पाटीपर्यंत येतो,
'इथून पुढे खासगी' हे जणू मोठ्याने वाचतो
आणि पाठ फिरवतो.
पुढचा चिखल आमच्या मालकीचा.

व्हरमाँटमध्ये एप्रिलात वरची माती सुटते,
खालची गोठलेलीच असते,
पाण्याने जायचं कुठे?
त्या वर्षी शलाकाची गाडी पोटापर्यंत रुतली.
ती खिडकीतून बाहेर आली, हातात बूट,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मी त्याच संध्याकाळी आर्डिस थिबोकडे गेलो.

गोठ्यामागे उभा होता. सन बावन्नचा बुलडोझर.
पिवळा, म्हणजे एकेकाळी.
धुराड्यावर टोमॅटोचा रिकामा डबा पालथा,
सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण.
लुसियन गेल्यापासून, अकरा वर्षं, जागचा हलला नव्हता.
"किती?"
"एक डॉलर. आणि रानातली माझी वाट आधी करायची."

मी दातांचा डॉक्टर.
साखळी ओढणाऱ्या चक्राचे दात पाहिले,
झिजून आकड्यासारखे वाकलेले,
आणि सवयीने म्हणालो, अजून पाच वर्षं जातील.
त्याच्या पोटात दोन इंजिनं.
आधी धाकटं पेट्रोलवर, दोरीने ओढून चालू करायचं,
मग ते थोरल्याला हलवून हलवून उठवतं.
आमच्या घरी मुलगा असताना
शाळेच्या दिवशी हेच चालायचं.

नळ्या बदलल्या. रेडिएटर उतरवला, परत चढवला,
परत उतरवला, कारण एक वॉशर फरशीवर उरला होता.
ग्रीस नखांत इतकं मुरलं
की दवाखान्यात दोन हातमोजे चढवायला लागलो.
जूनमध्ये तो निघाला. सगळं डोंगर ऐकत होतं.
फक्त उजवीकडे वळेना.
उजवा क्लच गंजून धरलेला, सुटतच नव्हता.
डावा खटका ओढा, डावीकडे. उजवा ओढा, सरळ.

आता आर्डिसचं घर फाट्याच्या डाव्या हाताला
आणि तिची वाट नेमकी उजवीकडे.
म्हणून मी डावीकडे वळायचो, आणखी डावीकडे,
तिच्या गवताच्या शेतातून,
स्वयंपाकघराच्या खिडकीखालून,
पाऊण वर्तुळ पुरं करून उजवीकडे निघायचो.
शेतात चाकोऱ्यांचं एक कडं उमटलं.
ती काही बोलली नाही. आतून हात करायची.

हिवाळाभर क्लचच्या खोलीत डिझेल भरून ठेवलं.
खटका मागे ओढून लाकडाची पाचर मारली,
दर रविवारी जाऊन दोन ठोके. जोरात नाही.
मार्चच्या शेवटी आतून एक आवाज आला,
हाडवैद्याने खांदा बसवल्यासारखा.

त्या दिवशी मी सरळ उजवीकडे वळलो.
जोरजोरात हॉर्न वाजवला असता, पण हॉर्न नाही.

आर्डिस अंगणात आली, पायात घरातल्या सपाता.
"लुसियन असा कधी गेला नाही," म्हणाली.
"सगळी वर्षं खिडकीखालून जायचा. मुद्दाम.
डिझेलचं काय, म्हणायचे मी.
तो नुसता टोपी वर करायचा."

अवजारांच्या पेटीच्या झाकणाला आतून
पेन्सिलीने लिहिलेलं मी वाचलं होतं,
ठसठशीत, त्याच्याच हातचं:
'उजवा अडकलाय. जुलै एकोणऐंशी.'
झाकण बंद होतं. मी त्यावर बसलो होतो.
"हो, वाटलंच मला," म्हणालो.

मेमध्ये पुन्हा खडी पसरायला निघालो.
उजवा खटका आता लोण्यासारखा सुटतो.
फाट्यावर क्षणभर दोन्ही हात थांबले,
मग डावा ओढला.

रस्त्याच्या हिशेबाच्या वहीत, पाच घरांत वाटायला,
खडी, ग्रीस, फिल्टर, एक पट्टा.
जास्तीचं डिझेल अर्धा गॅलन
मी 'इतर' खाली दाखवलं.