शंभरातले सतरा

दर मंगळवारी मी बत्तीस मीटर चढते.
कमरेला पट्टा, खिशात स्पिरिटची बाटली
आणि जुन्या बनियनचा तुकडा,
काचेच्या घुमटावरची पाखराची शिट पुसायला.
ती राहिली, तर त्या आठवड्याचा सूर्य
कागदावर थोडा कमी उगवतो.

खाली स्प्रूस. सगळे एका वयाचे, एकाहत्तर सालची लागवड,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेसारखे.
नॉर्थम्बरलंडात रान असं लावलेलं असतं
आणि तरी चार पावलं आत गेलं
की रानच असतं.

माझ्याआधी विल्फ मिलबर्न. तीस वर्षं.
त्याच्या वह्या माझ्याकडे आल्या, सगळ्या पेन्सिलीत,
पावसात शाई पसरते म्हणून.
‘वारा वायव्य. पर्जन्यमापकात गोगलगाय. काढली.’
‘बर्फ. वर गेलो नाही. जायला हवं होतं.’
आणि दोन हजार एकच्या मार्चपासून
सलग एकेचाळीस दिवस
नुसती तारीख.
संगणकाच्या नोंदीत तेव्हा दर अर्ध्या तासाला
वजा नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
आमच्यात याचा अर्थ: ठाऊक नाही.
शून्य लिहायचं नसतं.
शून्य म्हणजे मोजलं, आणि काही नव्हतं.

बेलिंगहॅमच्या पोस्टातली मॉरीन म्हणाली,
तेव्हा लाळ्या-खुरकूत आली होती.
रानाच्या वाटा बंद, फाटकांवर औषधाचे पोते.
विल्फच्या भावाच्या चारशे मेंढ्या जाळल्या.
बॅटरी बदलायला कुणाला सोडेनात.
तो खिडकीतून मनोरा बघायचा
आणि तारीख टाकायचा.

माझं काम हिशेबाचं.
वरून आलं किती, गेलं कुठे:
इतकं हवा तापवण्यात, इतकं पानांतून वाफ होण्यात,
चिमूटभर मातीत, पुरलेली तबकडी सांगते तेवढं,
थोडं खोडांनी रात्रीसाठी ठेवून घेतलं.
बेरीज करते.
शंभर आले. त्र्याऐंशी सापडले.
दुसऱ्या देशांतल्या मनोऱ्यांवरही
असेच दहा, पंधरा, वीस हरवतात.
परिषदेत आम्ही एकमेकांना आपापली तूट विचारतो,
गुडघेदुखी विचारावी तशी.

बाबा इचलकरंजीला पतपेढीत रोखपाल होते.
पस्तीस पैसे लागत नव्हते म्हणून एकदा
साडेदहापर्यंत बसले, दोन कारकुनांनाही बसवलं.
खिशातले टाकून मोकळं होता आलं असतं.
‘मग तो ताळा नसतो गं,
ती नुसती समजूत असते.’
फोनवर त्यांना सतराचं सांगितलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, ‘दर वर्षी?’
दर वर्षी.
‘आणि साहेब काही म्हणत नाहीत?’

साहेब म्हणतात, जसं आहे तसं लिहा.

पुढच्या वर्षी हा पट्टा तोडीला येतोय.
यंत्र येईल, एका झाडाला मिनिटभर पुरे.
मनोरा राहणार आहे.
खुंटांवर पडलेलं ऊनही मोजायचंय,
आणि पहिल्या उन्हाळ्यात उगवेल त्या गवताची वाफ.
विल्फला हे सांगायला गेले होते.
त्याने विचारलं, गोगलगायी अजून येतात का.
येतात म्हटलं.
मग चहा झाला.

आजची नोंद:
वारा नैर्ऋत्य, हलका. घुमट पुसला.
कठड्यावर वाकड्या चोचीचं पाखरू,
मी उतरेपर्यंत हललं नाही.
सतरा लागले नाहीत.
स्पिरिट संपत आलंय, मागवायचं.