रानातून धरलेला

विकणाऱ्याने डब्याच्या झाकणावर पेनने लिहिलं होतं:
टोके. नर. रानातून धरलेला.
वयाच्या जागी नुसती आडवी रेघ.
चाळीस झ्लॉटी कमी केले त्याने,
शेपूट मूळचं नाही म्हणून.

खरंच. बुडाशी राखी-निळ्यावर नारिंगी ठिपके,
आणि पुढे एकदम कोरं, मातकट,
लोकर संपल्यावर दुसऱ्याच लोकरीने
विणून पुरं केल्यासारखं.
पहिलं कुठे पडलं, कोणाच्या तोंडात,
त्याचं त्यालाच ठाऊक.

सुरुवातीचे तीन आठवडे जंतांत गेले.
डॉक्टरीणबाईंनी काचेखाली दाखवले मला:
"हे त्याच्या गावचे आहेत, वालेंती,
इथले नव्हेत."
बिनसुईच्या सिरिंजने औषध पाजताना
त्याने माझा अंगठा धरला
आणि सोडलाच नाही. अकरा मिनिटं.
मी स्वयंपाकघरात उभा, नळ चालू,
रेडिओवर उद्याचं तापमान: उणे चौदा.

मी वूच शहराच्या ऊब-केंद्रात कामाला असतो.
बॉयलर नंबर तीन.
निम्म्या शहराच्या रेडिएटरांतून
मी तापवलेलं पाणी फिरतं,
आणि या वीतभर जिवाला ते पुरत नाही.
वर एक दिवा, खाली एक गरम पट्टी,
सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने खोटा पाऊस.
तो काचेवरचे थेंब चाटतो,
स्वतःचे डोळे चाटतो,
कात टाकली की तीही खातो.
मागे काही ठेवायचं नाही, असं
कुठेतरी शिकून आलेला.

फेब्रुवारीत पहिल्यांदा ओरडला.
रात्रीचे दोन. आधी खडखड,
थंडीत गाडी सुरू होत नाही तशी,
मग दोनच अक्षरं, पुन्हा पुन्हा, मोठ्याने.
मनात चुकचुकते ती पाल परवडली.
खालच्या दानुताबाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.
त्याने त्यांनाही उत्तर दिलं.

फोनवर रेकॉर्ड केलं आणि कोपऱ्यावरच्या
व्हिएतनामी खानावळीत ऐकवलं, सहज.
न्हुंगच्या हातातला डाव थांबला.
"तक्के!" म्हणाली. मग हसली:
"आमच्याकडे याला दारूत बुडवतात. कंबरदुखीवर.
माझा बाप रात्री कंदील घेऊन निघायचा,
काठीच्या टोकाला केसांचा फास."
हवेतच फास करून दाखवला.
बोटं विसरली नव्हती.
"किती वेळा ओरडला? मोजायचं असतं.
सात आले तर चांगलं."

शनिवारी दुकान बंद करून ती आली.
कोट न काढता बसली, मांडीवर नेमचा डबा,
तळणाचा वास खोलीभर.
मी दिवा मालवला.
बारा. एक. तो खोडामागे, गप्प.
दीडला तिची मान कलली.

पावणेतीनला तो बोलला.
मी बोटांवर मोजलं. चार, पाच, सहा,
सातव्याला नुसतीच हवा,
ट्यूबमधून सुटते तशी.

तिला उठवलं नाही मी.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
झोपेतच तिची मूठ वळली
आणि एक झटका बसला मनगटाला,
कोणी काठी ओढून घ्यावी तसा.

तो तेव्हा काचेवर होता.
पोटाकडून दिसत होता, फिकट, धपापणारा.
पावलांच्या गाद्या एकेक सोडवत, एकेक चिकटवत
वर गेला,
झाकणापर्यंत.